काढलेली पिशवी

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणतात. एक तर ती दिवसभर तयार पँटींचे धागे कापते, आणि दुसरं कारण तिची जीभ. खोली दहा बाय दहाची. उजेडासाठी ती दारातच बसते. गेले आठ महिने ठेकेदाराकडून ती फक्त काळ्या पँटी मागून घेते. मांडीवरच्या कापडाला डाग लागला तरी दिसत नाही.

आठ दिवस रक्त जातं, चार दिवस थांबतं, पुन्हा सुरू होतं. नळावरून हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी येते.

तीन वर्षांपूर्वी हाच त्रास तिच्या थोरल्या जावेला होता. जावेकडे मोफत उपचारांचं कार्ड नव्हतं. खोली भाड्याची, आणि मालक कागद देईना. कात्रीकडे कार्ड होतं. दोघी सारख्याच अंगाच्या, कार्डावरचा फोटो धुरकट.

"त्या फोटोत मीच मला ओळखत नाही, डॉक्टर काय ओळखणार?" असं म्हणत कात्रीनेच कार्ड जावेच्या हातात ठेवलं. जाऊ कात्रीच्या नावाने दाखल झाली, गर्भाची पिशवी काढून घेतली आणि पाच दिवस त्या नावाला ओ देत पडून राहिली. कात्री रोज डबा घेऊन जायची. तुम्ही कोण, असं नर्सने विचारलं, तर म्हणाली, "मी हिची जाऊ." हा किस्सा गल्लीला कितीतरी दिवस पुरला. एक कार्ड चार घरांत फिरतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

यंदा कात्री स्वतः त्याच दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, मग कॉम्प्युटरवरची नोंद पाहिली.

"मावशी, तुमची पिशवी तर काढलेली आहे."

"मग हे कुठून येतंय?"

पिशवी जागेवरच होती. आतलं अस्तर नको तेवढं जाड झालं होतं. दाखल करून तुकडा तपासायला हवा, आणि लवकर, असं बाईंनी लिहून दिलं.

खिडकीवरच्या कारकुनाने कार्डाचा नंबर टाकला. "एका बाईला दोन पिशव्या नसतात. मंजुरी येणार नाही."

"माझी एकही काढलेली नाही, साहेब."

"मग कुणाची काढली ते लिहून द्या." त्याने एक फॉर्म सरकवला. दुसरीचं कार्ड वापरलेल्या बाईचं नाव, पत्ता, सही. नाव लिहिलं की त्या बाईचं कार्ड बंद आणि वर चौकशी, हेही त्याने सांगून टाकलं. जावेला गेल्या वर्षीच स्वतःचं कार्ड मिळालंय. तिचं इन्सुलिन त्याच्यावर येतं.

"माझं कार्ड घे," जाऊ म्हणाली. "तू दिलंस, तसं मी देते."

मंगळवारी दोघी गेल्या. पण आता खिडकीत काचेवर बोट ठेवावं लागतं. कात्रीने ठेवलं, पुसून पुन्हा ठेवलं; ठसा जुळेना. कारकुनाने तिच्याकडे नीट पाहिलं, ओळखलं असावं. त्याने कार्ड परत केलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

घरी येताना जाऊ म्हणाली, "लिही माझं नाव."

"आणि इन्सुलिन कोण देणार, ठेकेदार?"

जाऊ पुन्हा एकदा तसं म्हणेल म्हणून कात्री गल्लीच्या तोंडापर्यंत सावकाश चालली. जाऊ म्हणाली नाही.

डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन येऊन गेला. खासगी दवाखान्याचं दार या घराला परवडणारं नाही. फॉर्म पँटींच्या ढिगाखाली आहे, नावाची जागा कोरी. जाऊ हल्ली सकाळी तिचं पाणी भरून देते आणि अर्ध्या पँटींचे धागे स्वतः कापायला घेते.

"थांबलं का गं?" काल तिने खाली मान घालूनच विचारलं.

"थांबेल," कात्री म्हणाली, आणि हात लांब करून पुढची पँट ओढली.