निम्मी वर्गणी

"तुमनी निम्मी लिखस," आबा म्हणाले, आणि माझ्या बापानं हात जोडले.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात सामाईक भांडी आहेत. कढया, पातेली, पराती. लग्नकार्याला लागली की न्यायची, घासून परत आणायची. त्यांची घरटी वर्गणी मंदिराच्या ओट्यावर ठरत होती. भांड्यांच्या समितीचे प्रमुख आबा सतरंजीवर. आम्ही बौद्धवाड्यातले खाली, चपलांपाशी. सगळ्यांना हजार, आम्हाला पाचशे. "आबा देवमाणूस शे," बाप वाटभर म्हणत होता. मीही मान हलवली. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न निघालं. वरण-बट्टीचा बेत. बाप आणि मी कढई मागायला गेलो. आबांनी भांड्यांच्या खोलीची किल्ली काढलीच नाही.

"निम्मी वर्गणी दिधी ना तुम्ही? मंग हक्क कसाना?"

तेव्हा मला कळलं. सूट कसली! आम्हाला बाहेर ठेवायची सोय होती ती, आणि आम्ही तिच्यासाठी हात जोडले होते.

मग वाड्यातली घरोघरची पातेली गोळा केली. तीस चुलींवर तीस तऱ्हेचं वरण. एक खारट, एक नुसतं पाणी. वऱ्हाडी हसले. अक्का मांडवात रडत होती, आणि मी पंगतीत वाढत होतो.

यंदा नवी भांडी घ्यायची ठरली. पुन्हा तोच ओटा, तेच आबा, पुन्हा "तुमनी निम्मी". बापाचे हात वर यायला लागले. मी ते धरले आणि उभा राहिलो.

"पुरी लिखा, आबा. बठ्ठासनी जितली, तितलीच आमनी."

मग आबा म्हणाले, "पुरी दिधी तरी कढई तुमना वाडाम्हा येवाव नही."

बरं झालं. इतकी वर्षं आबांनी पोटात ठेवलेलं सगळ्यांदेखत ओठावर आलं.

मी पूर्ण वर्गणी सतरंजीवर ठेवली. पावती मागितली. अजून दिलेली नाही. बाप माझ्याशी बोलत नाही, घाबरलाय. मीही घाबरलोय. पण धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात आहे. त्या दिवशी सकाळी मी भांड्यांच्या खोलीपुढे उभा राहणार. कढई घेतल्याशिवाय हलणार नाही. आणि हात जोडणार नाही. दोन्ही हात कढईला लागतील.