न दिसणाऱ्या ओळी

ठकीने रुग्णालयाचं ते वेबपान मोठ्या हौसेने केलं होतं. आत शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्या नातलगांनी ते मोबाईलवर पाहायचं. 'शस्त्रक्रिया सुरू आहे', 'रुग्ण शुद्धीवर आहे', आणि रुग्ण दगावल्याची ती नको ती ओळ. तिन्ही ओळी पानात कायम असत. लागू असेल तेवढीच सर्व्हरवरचा कोड दिसू देई, बाकीच्या पारदर्शक करी. त्यामुळे ओळ बदलताना पान उड्या मारत नसे, आणि ठकी स्वतःवर भलतीच खूश होती.

आज आत तिची मामी होती आणि खाली बाकावर मामा. आईवडिलांमागे ठकीला या दोघांनीच वाढवलेलं. मामांना दिसत नाही, पण कुणी हात धरलेला मुळीच खपत नाही. "तू वर जाऊन आपलं काम कर. मोबाईल मला वाचून दाखवतो," म्हणत त्यांनी तिला पिटाळलं होतं.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "ठके, गेली गं ती."

ठकीने लॅपटॉप पुढे ओढला. तिने पान उघडलं. शस्त्रक्रिया सुरू आहे. पुन्हा उघडलं, तेच. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि लॅपटॉप काखोटीला मारून ती जिन्यावरून धावत सुटली. डोळ्यांपुरत्या लपवलेल्या ओळी मामांच्या मोबाईलने इमानेइतबारे वाचून काढल्या होत्या.

"मामा, मामी आहे. चूक माझी आहे."

"माझी समजूत घालू नकोस. मी कानांनी ऐकलंय."

ठकी त्यांच्या शेजारीच बसली आणि कोड बदलला. आता लागू नसलेल्या ओळी लपवायच्या नाहीत. पान सर्व्हरवरून निघण्याआधीच त्यातून काढून टाकायच्या. "आता ऐका."

"शस्त्रक्रिया सुरू आहे," मोबाईल म्हणाला आणि गप्प झाला. मामांनी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, आणि मग त्यांचा बांध फुटला. ठकीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

दुपारी मामी शुद्धीवर आल्याचं मोबाईलनेच सांगितलं. मामा हसले, नाक पुसलं, आणि जरा वेळाने म्हणाले, "ती ओळ अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण ज्यांची असेल त्यांनाच जाईल."

"त्यांनाही नको पाठवूस, पोरी. मी ती इथे एकट्याने ऐकलीय."

ठकीने मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाली. तिने ती ओळ कोडमधून पुसली आणि तिच्या जागी डॉक्टरांच्या पडद्यासाठी नवी लिहिली: बाहेर जाऊन नातलगांच्या शेजारी बसा, मग सांगा.