दुसऱ्याच्या दंडावरची लस

तलमडुगूतले माझे एक शेजारी कपाशीचं नवं बियाणं कधीच आधी पेरत नाहीत. एक हंगाम दुसऱ्याच्या वावरात पाहायचं, मग आपल्या. चहाच्या टपरीवर मात्र यांची गर्जना: "डेंगूची लस काऊन नाई येऊन राह्यली? गरिबाले परवडन अशी पायजे!"

शेवटी अशाच लसीच्या चाचणीसाठी तयार होणारी माणसं शोधत डॉक्टर गावात आले, तेव्हा हे गृहस्थ माझ्या पाठीमागे सरकले. "पहिले गुरुजीले टोचा. माह्यं पुढच्या साली पाहू."

मी टोचून घेतलं. आता रोज सकाळी कुंपणाशी येऊन ते माझा दंड न्याहाळतात, लोकांची कपाशी न्याहाळतात तसा.

"काई तरास, गुरुजी?"

"हाय ना," मी म्हणतो, "शेजाऱ्याचा."