अजून एक हात

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनायच्या. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, आम्ही त्यांवर दात बसवून, घासून, चकचकीत करून परत पाठवायचो. घासणीच्या टेबलावर जो माणूस बसायचा त्याला सगळे एकहात्या म्हणायचे. हात दोन्ही शाबूत होते. पण कवळी झाली असं आपल्याला वाटावं, आणि याने ती दिव्याखाली धरून, डोळे बारीक करून म्हणावं, "अजून एक हात मारू."

मालक वैतागायचा. "अरे, तिकडे म्हातारा उपाशी बसलाय!"

"बसू दे. पण हिरडीला टोचणार नाही."

आणि खरंच टोचायची नाही. त्याच्या हातची कवळी तक्रार होऊन परत आलेली मी पाहिली नाही. तो निवृत्त झाल्यावरही आमचं येणंजाणं राहिलं, आणि सासुरवाडीच्या गाडीचं प्रकरण त्याने मला तुकड्यातुकड्याने, चहा पिता पिता सांगितलं. काही भाग मी स्वतः पाहिला.

त्याचे सासरे गुरांचे डॉक्टर. त्यांची एक जुनी गाडी होती, गोल बोनेटची, फुगीर मडगार्डांची, आता रस्त्यावर दिसत नाही तशी. ते गेल्यावर ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तशीच पडून होती. कोंबड्या डिकीवर बसत. सासऱ्यांना दोन मुलीच. थोरली याची बायको. धाकटीचा नवरा म्हणजे याचा साडू. साडू विम्याची कामं करायचा. हसरा, बडबड्या, दहा ठिकाणी ओळखी असलेला. एकहात्यात आणि त्याच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य नव्हतं, पण फारसं जवळचंही काही नव्हतं. कार्यप्रसंगी भेटायचे, हवापाण्याचं बोलायचे, संपलं.

सासूबाई एकदा दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "जावईबापू, ती गाडी नीट करा. मला एकदा पुढच्या सीटवर बसून फिरायचंय."

साडू हसला. "एवढंच? पूर्वी बसला नाहीत का कधी?"

"कुठली बसते! पुढे ह्यांची औषधांची पेटी. मी कायम मागे. एकदा तर आजारी वासरू पुढे बसवलं होतं ह्यांनी, आणि मी मागे त्याची दोरी धरून!"

सगळे पोट धरून हसले. म्हातारी मात्र हसली नाही. तिने ते इतकी वर्षं मनात ठेवलं होतं.

काम वाटून घेतलं. इंजिन, टायर, ब्रेक साडूकडे. त्याच्या ओळखीचा मेकॅनिक होता. पत्रा आणि रंग एकहात्याकडे. तेव्हा तो अजून नोकरीत होता, त्यामुळे सुट्टीचा दिवस गाडीचा. पहिले काही महिने फार छान गेले, हे तो स्वतःच सांगतो. शेडमध्ये दोघे साडू तोंडाला फडकी बांधून जुना रंग खरवडत. दोघी बहिणी दर तासाला चहा आणत आणि उभ्या उभ्या घरभरच्या गप्पा मारत. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसत. त्यांच्या चष्म्यावर धूळ साचायची, मग त्या पदराने काचा पुसून म्हणायच्या, "तिथे राहिलंय बघा. चाकाच्या वर."

एकहात्याला हे काम गवसलं म्हणजे काय, माशाला पाणी. कवळी किती, तळहाताएवढी. इथे त्याला अख्खी गाडी मिळाली होती. आधी जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक. शेवटी रबराच्या ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून पाणी मारत मारत. खड्ड्यांत पुट्टी भरायची, वाळली की घासायची. मग तो डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. "डोळा फसतो," म्हणायचा, "हात फसत नाही." वर परत काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासायचा, जिथे काळं राहील तिथे अजून खोलगट आहे असं समजायचं. डावा दरवाजा असा त्याने पूर्ण करून पुन्हा पत्र्यापर्यंत नेला. दोनदा.

मी एकदा पाहायला गेलो होतो. मला तो दरवाजा आरशासारखा वाटला. "झालाय की," मी म्हणालो.

"अजून एक हात," तो म्हणाला. तिकडे साडू बोनेटला टेकून उभा होता, त्याने माझ्याकडे पाहून डोळे आभाळाकडे केले.

इंजिन तोवर सुरू झालं होतं. पहिल्यांदा ते धडधडलं तेव्हा कोंबड्या उडाल्या आणि सासूबाई खुर्चीतून उठल्या. "चालते? मग बसवा की मला!"

साडूने लगेच चावी पुढे केली. पण दोन्ही दरवाजे काढून भिंतीला टेकवलेले, अंगभर पुट्टीचे पांढरे ठिपके. एकहात्या म्हणाला, "आई, अशी उघडीवाघडी गाडी काढायची? लोक हसतील. रंग होऊ दे. मग राणीसारखं नेतो."

"मला हसलेलं चालेल," म्हातारी म्हणाली. पण ती परत बसली.

त्यानंतर तिचे पाय सुजू लागले. खुर्ची दारातून खिडकीशी गेली, खिडकीपासून पलंगाशी. दवाखान्याची एक वारी झाली. डॉक्टरांनी दोघी मुलींना बाहेर बोलावलं आणि काय ते सांगितलं: हृदय थकलंय, आता त्यांना काय आवडतं ते करू द्या.

घरी आल्यावर बायकोने याला विचारलं, "अहो, गाडीचं कधी होईल?"

"प्रायमर मारला की रंग. प्रायमरच्या आधी पत्रा तयार पाहिजे."

"म्हणजे कधी?"

"घाईत केलं तर रंगाखालून फुगे येतात."

तिने बहिणीला फोन केला. पुढचं साडूने केलं. एकहात्या लॅबमध्ये असताना त्याने मेकॅनिकला बोलावून दरवाजे बसवून घेतले, काचांना वर्तमानपत्रं चिकटवली, भाड्याचा कॉम्प्रेसर आणला आणि एका दिवसात सगळ्या गाडीला राखाडी प्रायमर मारून टाकला.

संध्याकाळी एकहात्या लॅबमधून थेट तिकडे गेला. शेडच्या तोंडाशी उभा राहिला. गाडी एकसारखी राखाडी, लांबून अगदी नवीन. साडूच्या भुवयासुद्धा राखाडी झाल्या होत्या, आणि तो लहान मुलासारखा खूश होता.

"उद्या सकाळी आईंना नेतो. तलावापर्यंत जाऊन यायचं, बस. नंतर तुम्ही हवं तेवढं घासा, वर्षभर घासा."

एकहात्या जवळ गेला. बोनेटवर माशाच्या डोळ्यांसारखे बारीक गोल खड्डे पडले होते. पत्रा थिनरने पुसलाच नव्हता, हातांचं तेल तसंच खाली राहिलेलं. मडगार्डवर ओघळ. दरवाज्यावर धूळ चिकटलेली. "त्या दरवाज्यावर मी किती मेहनत घेतली होती, तुला माहीत नाही," तो मला म्हणाला. मला माहीत होतं. मी पाहिलं होतं.

पण त्या संध्याकाळी तो फक्त "ठीक आहे" म्हणाला आणि घरी गेला.

सकाळी उजाडताच तो शेडवर हजर. त्याचं म्हणणं, फक्त बोनेट करायचं होतं. ओला प्रायमर कडक होण्याआधी काढला तर सोपा निघतो. सगळे यायच्या आत बोनेट साफ करून पुसून ठेवतो, गाडी काय बोनेटच्या रंगावाचून अडणार आहे? बोनेट झालं. मग मडगार्डचा ओघळ. मग त्याने डावा दरवाजा उतरवला, कारण बसवलेल्या दरवाज्याच्या कडा नीट निघत नाहीत. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजवा.

"मला थांबता आलं नाही," असं तो कधी म्हणाला नाही. तो म्हणाला, "काम हातात होतं."

दहाच्या सुमारास सासूबाईंना दोन्ही मुलींनी धरून आणलं. केस विंचरलेले, ठेवणीतले कपडे, हातात छोटी पर्स. फिरायला निघालेल्या बाईसारखी पर्स. साडू पुढे होता, तो जागीच थांबला. जमिनीवर राखाडी चिखल, भिंतीला दोन दरवाजे, आणि पुढच्या सीटवर घाण होऊ नये म्हणून एकहात्याने सीटच बाहेर काढून ठेवलेली.

कुणी ओरडलं नाही. एकहात्या हातातला पेपर पाण्यात बुडवत म्हणाला, "आई, खालून खराब झालं होतं. असं ठेवलं असतं तर सहा महिन्यांत सोललं असतं."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "सहा महिने," ती म्हणाली. मग मुलींना म्हणाली, "चला आत. पायात गोळे आलेत."

त्याच आठवड्यात ती गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

माणसं पांगल्यावर साडू याच्याजवळ आला. बडबड्या माणूस, पण त्या दिवशी एवढंच बोलला: "कवळी तुम्ही फार छान बनवता हो. पण ती घालायला माणूस शिल्लक लागतं." त्यानंतर त्या दोघांचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत.

एकहात्याने गाडी पूर्ण केली. लोकांना यात निगरगट्टपणा दिसला. मला वाटतं त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. गाडी त्याने ओढून स्वतःच्या घराच्या बोळात आणली, वरून ताडपत्री घातली. पत्रा पुसून तीन हात प्रायमर, प्रत्येक हातानंतर बारीक घासणी. मग दुधावरच्या साईसारखा रंग. मी उगाच नावं ठेवणार नाही, गाडी अप्रतिम झाली होती. ऊन तिच्यावर पडलं की बोळातल्या भिंतींवर उजेड पडायचा.

"चल, एक चक्कर मारू," तो बायकोला म्हणाला.

"मला बाजारात जायचंय."

"गाडीतून जाऊ ना."

"बस आहे," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. पुढेही ती त्या गाडीत एकदाही बसली नाही. भांडली नाही, रडली नाही, स्वयंपाक वेळेवर. फक्त गाडीजवळून जाताना अंग चोरून जायची, जणू रंग ओला आहे.

एका सकाळी तो एकटाच गाडी घेऊन मेहुणीच्या घरी गेला. साडूला दाखवावी, काहीतरी बोलणं निघावं, असा त्याचा हिशेब असावा. मेहुणी दारात आली. गाडीकडे बघत उभी राहिली, पुरती बघून घेतली.

"छान झालीय, भाऊजी."

"ते घरात आहेत का?"

"आहेत." ती आत वळलीही नाही. "गाडी जरा पुढे घ्या. इथे दूधवाल्याला वळायला जागा लागते."

त्याने गाडी पुढे घेतली. तिथून वळवली ती घरी.

वर्षभराने त्याने ती विकून टाकली. घेणारा जुन्या गाड्यांचा शौकीन, लग्नाच्या वरातींना गाड्या भाड्याने देणारा. गाडी नेली आणि काही दिवसांत त्याचा फोन आला. मी तेव्हा एकहात्याकडे बसलो होतो. पलीकडचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता.

"साहेब, मला ही लाल करायचीय. नवऱ्यामुलांना लाल आवडते. पण तुमचा रंग काढतोय तर खालचा प्रायमर हलत नाही! पोरांचे हात सोलले. मारलाय काय नेमका?"

एकहात्या खुर्चीत ताठ बसला. त्याने सगळं सांगितलं: कुठला प्रायमर, त्यात थिनर किती, मध्ये किती वाळू दिला, कुठल्या पेपरने घासला. काढायचा तर कसा काढायचा, तेही सांगितलं. "दरवाज्यावर जरा सांभाळून," म्हणाला. तेवढ्यात पलीकडून फोन ठेवलाही होता.

त्याचा चेहरा उजळला होता. इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"ऐकलंस का? निघता निघत नाही म्हणे. एकाही ठिकाणी सुटला नाही."

बायको भांडी घासत होती. तिने नळ बंद केला नाही.

"बोलून झालं असेल तर कांदे आणा," ती म्हणाली. "संपलेत."

त्याने खुंटीवरची पिशवी घेतली. आम्ही दोघे बरोबरच बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या हातगाडीशी तो थांबला आणि एकेक कांदा उचलून, त्यावरून तळवा फिरवून पिशवीत टाकू लागला.