बेल्वेदेरवर मी काय ऐकलं

नागपूरच्या विमानतळावर मी कुणाशीच धड बोललो नाही. माझा मेहुणा वसंता गाडीतून बॅगा उतरवत होता. मेहुणी सुमनताई नलिनीच्या पर्समध्ये सुपारीची पुडी कोंबत होती. आणि मी, पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालेला माणूस, कॅनडात मुलाच्या, निशांतच्या, घरी आश्रित म्हणून राहायला निघालोय या एकाच विचारानं धुमसत होतो. वसंताला म्हणालो, "चल, जातो." त्यावर नलिनीनं, माझ्या बायकोनं, सगळ्यांसमोर मला झापलं. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे तिला तिच्या आईनं लहानपणीच पक्कं शिकवलेलं. मी मुद्दाम पुन्हा "जातो" म्हणालो. ते २००४ साल होतं.

हे लिहितोय ते नागपूरच्या मंडळींसाठी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातही छापायला देतोय, कारण हॅमिल्टन आणि ग्वेल्फकडच्या पॉटलक जेवणांमध्ये हातात प्लेट धरून मी माझ्या फ्रेंच सुनेची गोष्ट किती जणांना रंगवून सांगितली, त्याचा हिशोब राहिलेला नाही. तिनं सासूला डोंगरावर एकटं टाकलं, ही ती गोष्ट. ती खोटी आहे. मी ती सांगितली तेव्हाही मला ती खोटी आहे हे माहीत होतं.

माझी सून क्लेर क्वेबेकची. घरी फ्रेंच, आमच्याशी इंग्रजी. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. हॅमिल्टनच्या घरात आम्हाला बेसमेंटमध्ये खोली दिली होती, वेगळी वॉशरूम, हीटर, सगळं. मला त्यात खोट काढता येत नव्हती, म्हणून मी माणसात खोट काढायला लागलो. पहिल्याच विंटरमध्ये ती म्हणाली, बाबा, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला या, तब्येतीला चांगलं. मी नलिनीला म्हणालो, सुनेनं सासऱ्याच्या हातात फावडं दिलं, बघ. नलिनी हसली. तिचं आणि क्लेरचं जमलं होतं. नलिनी ग्रोसरीची यादी मराठीत लिहायची आणि क्लेर एकेक अक्षर लावत वाचायची. दूध, कांदे, भेंडी. स्वतःचं नाव देवनागरीत लिहायला शिकली तेव्हा तिनं तो कागद फ्रिजवर लावला. मला तेही आवडलं नाही.

२००७च्या ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला, क्लेर आम्हाला तिच्या गावी घेऊन गेली. टेकडीच्या माथ्यावर वसलेलं गाव, पत्र्याच्या चकचकीत छपराचं एक दगडी चर्च, चारही बाजूंना उतरती रानं. तिची मावशी तिथं राहायची, तिच्याकडे उतरलो. पाहायचं काय, तर जुनी पाणचक्की, चीजचं दुकान, सफरचंदांच्या बागा आणि लाल झालेली पानं. पानं बघायला आठ-दहा तास गाडीत बसून आलो, असं मी दोन दिवस घोकत होतो. रामटेकच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला तुम्ही काय टेकडी दाखवता, हेही एकदा जेवताना बोललो. निशांतनं त्याचं भाषांतर केलं नाही. गावातल्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये. मावशी माझ्याशी बोलताना आवाज चढवायची, जणू मी बहिरा. तिथं मला दर तासाला अपमान सापडत होता.

नलिनी मात्र हरखली होती. स्नीकर्सवर सलवार-कमीज, वर निशांतचं जुनं जॅकेट. चक्कीवर गेली, बागेत शिडीवर चढून सफरचंदं तोडली, मावशीच्या हाताला धरून चर्चमध्ये जाऊन आली. तिसऱ्या दिवशी निशांत सकाळीच खालच्या तळ्यावर कनू, वल्ह्याची छोटी होडी, घेऊन गेला. क्लेर, नलिनी आणि मी पायवाटेनं बेल्वेदेरला गेलो. बेल्वेदेर म्हणजे कड्याच्या टोकाला लाकडी फळ्यांचा सज्जा, तिथून सगळं खोरं दिसतं. तिथं दोन वाटा फुटत होत्या. एक कडा उतरून तळ्यावर निशांतकडे, दुसरी बागांमधून गावात परत. ठरलं होतं ते तिघांनी तळ्यावर उतरायचं.

नलिनीला आमचा दोघांचा फोटो हवा होता. मी बाकावरून उठलो नाही. ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, "तुला इथं इतकं आवडतं तर इथंच राहा, मी नागपूरला एकटा सुखी आहे." ती गुडघा चोळत थोडा वेळ उभी राहिली. मग मला मराठीत म्हणाली की ती मावशीकडे परत जाते, उतार तिला झेपणार नाही. क्लेर तेवढ्यात तळ्याच्या वाटेच्या पहिल्या पायऱ्यांवर पोचली होती. नलिनी तिच्याकडे वळली आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली:

"ओके क्लेर, आय ॲम कमिंग."

"ओके आई, टेक युवर टाइम," क्लेर म्हणाली आणि उतरायला लागली.

नलिनी गावाच्या वाटेला लागली.

काय घडलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. नलिनीनं निरोप घेतला होता. येते म्हणाली होती, जसं नागपूरच्या दारात म्हणायची तसं, फक्त इंग्रजीत. क्लेरला वाटलं ती मागून उतरतेय. कळायचं कारण असं की मी स्वतः हीच चूक केली होती. शेजाऱ्याकडून निघताना त्याला आय ॲम कमिंग म्हणालो होतो आणि तो बिचारा थंडीत दार उघडं धरून उभा राहिला होता. नलिनीला ते मी कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. एक हाक मारली असती तर क्लेर वळली असती. मी हाक मारली नाही. बायकोवर रागावलो होतो, आणि सून खाली वाट बघत बसेल याची मला मजा वाटली. लिहून टाकतो, मजाच वाटली.

नलिनी बागेत चुकली. पाटी फ्रेंचमध्ये होती, ती चुकीच्या फाट्याला लागली आणि ओल्या पानांवरून घसरून ओढ्याच्या काठी पडली. क्लेर तळ्यावर पाऊण तास थांबून, घाबरून, सगळा कडा पुन्हा चढून आली. तोवर मी, नलिनी मावशीकडे पोचली असेल असं धरून, गावात परत येऊन चर्चसमोर कॉफी पीत होतो. आई कुठे आहे, तिनं विचारलं. मी म्हणालो, "तुला माहीत असायला हवं. तुझ्याबरोबर होती." हे माझं पहिलं खोटं. दुपारी कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला नलिनी सापडली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये नलिनी निशांतला म्हणाली, मी तिला सांगून निघाले होते. क्लेर म्हणाली, ती मागून येते म्हणाली होती. दोघी खरं बोलत होत्या आणि दोघींना वाटलं की दुसरी खोटं बोलतेय. निशांत माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही तिथं होतात ना?"

"मला नीट ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

वसंता, त्याच आठवड्यात मी तुला फोन केला. तुझ्या बहिणीला रानात टाकून ती तळ्यावर मजा मारायला गेली, हे शब्द माझे. तू रडलास. सुमनताई, तुम्ही म्हणालात, परकी ती परकीच. मी हो म्हणालो.

त्यानंतर क्लेर रोज संध्याकाळी, आठ तास लोकांचे हातपाय हलवून आल्यावर, बेसमेंटमध्ये उतरून नलिनीचा व्यायाम घ्यायची. नलिनी भिंतीकडे तोंड करून तो करायची. ग्रोसरीची यादी ती आता इंग्रजीत लिहायला लागली. निशांत आणि क्लेर वरच्या मजल्यावर हळू आवाजात भांडायचे, आणि एकदा तो तीन आठवडे मित्राच्या काँडोवर जाऊन राहिला. मी हे सगळं ऐकत होतो. कान माझे चांगलेच आहेत.

नलिनी तीन वर्षं वॉकर धरून चालली आणि २०१०मध्ये न्यूमोनियानं गेली. जायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली, "ती ओके म्हणाली होती हो. मग मला सोडून गेली कशी? मी तिचं काय वाईट केलं होतं?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तेव्हाही बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर निदान एवढा एक काटा तरी निघाला असता. याची माफी कुणाकडे मागायची ते मला ठाऊक नाही.

यंदा वसंताच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. लिफाफ्यावर माझं आणि निशांतचं नाव, आत चिठ्ठी, त्या बाईला आणू नये. चिठ्ठी मी लपवली. पत्रिका टेबलावर राहिली. क्लेरनं ती उचलली आणि लिफाफ्यावर बोट फिरवत एकेक अक्षर लावायला लागली. मग पत्रिका आतून वाचली, मागून वाचली. ती स्वतःचं नाव शोधत होती. नलिनीनं शिकवलेली अक्षरं तिला अजून येत होती. नाव सापडलं नाही. तिनं पत्रिका चुंबकानं फ्रिजवर लावली आणि भांडी घासायला घेतली.

मी दोघांना बसवलं आणि सांगितलं. बाक, फोटो, दोन वाटा, आय ॲम कमिंग, शेजाऱ्याचं उघडं दार. निशांत मध्येच उठून गॅरेजमध्ये गेला. क्लेर बसून राहिली. तिला आधी शब्दांचा घोळ समजावून सांगावा लागला. मग तो समजला.

"म्हणजे ती मला बाय म्हणत होती," ती म्हणाली. "पाच वर्षं तुम्ही याच टेबलावर माझ्या हातचं सूप प्यालात."

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, ते मला नको. ज्यांना तुम्ही खोटं सांगितलंत त्यांना त्यांच्या भाषेत खरं सांगा, माझं इंग्रजी ते ऐकणार नाहीत. तेव्हापासून ती मला बाबा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. जेवण झाकून ठेवलेलं असतं. निशांत औषधांपुरतं बोलतो.

वसंता, हे वाचून तू लिहिशील, भाऊजी, झालं गेलं, परत या. सुमनताई खोली झाडून ठेवतील. मी येणार नाही. इतकी वर्षं नागपूर म्हणजेच घर, आणि हे बेसमेंट म्हणजे शिक्षा, असं मी येईल त्याला ऐकवत आलो. पण नागपुरात तुम्ही ज्याची वाट बघता तो सुनेनं छळलेला म्हातारा आहे, आणि तो मी नाही. इथं दोन माणसांना मी कोण ते नेमकं माहीत आहे. त्यांनी मला अजून बाहेर काढलेलं नाही, आणि काढलं तरी माझी तक्रार नाही. घर म्हणायला मला आता एवढंच उरलंय.

लग्नाला निशांत येणार नाही. क्लेरला वेगळी पत्रिका पाठवायची की नाही ते तुम्ही ठरवा. तिनं मला एकच अट घातली आहे. हे छापायला देण्याआधी तिच्यासमोर बसून इंग्रजीत वाचून दाखवायचं, एकही वाक्य न गाळता. मला मजा वाटली ते वाक्यसुद्धा. साडेपाच वाजलेत, ड्राइव्हवेत तिची गाडी लागल्याचा आवाज आलाय. मी कागद घेऊन वर चाललोय.