बाजूच्या शेडमधली ताई

यवतमाळच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याला फाटक एकच, शेड मात्र दोन. एकीत वेल्डिंगच्या मशिनी बनतात, दुसरीत हाडांच्या दुखण्यावरचं सामान: कमरेचे पट्टे, अधू पायाला आधार देणारे कॅलिपर. मी मशिनींसाठी तांब्याची तार गुंडाळते. थोरली बहीण बाजूच्या शेडमध्ये.

माझ्या मशिनी ट्रकमध्ये चढल्या की गेल्या. ताईकडे माणसं परत यायची. कळंबचा एक म्हातारा पट्टा लावून शेतात जाऊ लागला, तर तिच्यासाठी तुरीच्या शेंगा घेऊन आला. आई शेजारणींना सांगायची, थोरली लोकांना पायावर उभं करते. आणि धाकटी? तीही तिथंच आहे, एवढंच. ताईच्या हातच्या त्या शेंगा मला गोड लागल्या नाहीत.

तिच्या शेडमधली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा साहेबांच्या मागे लागून मी ती जागा मागून घेतली. ताईनं मन लावून शिकवलं. तेही मला खुपायचं.

माझं पहिलं कॅलिपर केळापूरकडच्या एका मुलीसाठी होतं. मोटारसायकलच्या अपघातानंतर तिच्या पायात जोर उरला नव्हता. मी कॅलिपर चढवलं, ती उभी राहिली, चारदोन पावलं चालली. बरं आहे ना, विचारलं तर हो म्हणाली. ताई लांबून बघत होती. ती आली, खाली बसली, मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि घरी काय काय करतेस म्हणून विचारू लागली. भाकरी थापायला बसते, मुलगी म्हणाली, आणि बसून दाखवताना तिचा चेहरा कळवळला. वरचा पट्टा मांडीत रुतत होता. मी तिला बसवून पाहिलंच नव्हतं.

ताईनं पट्टा खाली घेतला. मुलगी सुखानं बसली, उठली आणि ताईच्या पाया पडली. "हे हिनं बनवलं," ताई म्हणाली. मुलीनं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. ताई काही बोलली नसती तर बरं, असं वाटलं.

घरी जाताना ऑटोत मी तोंड फिरवून बसले.

"काहून गप्प हायेस?"

"सारे तुह्याच पाया पडतात."

ताई म्हणाली, "मले तुहा हेवा वाटते. तुही मशीन गेली का गेली. माह्यापाशी ज्याचं दुखून राह्यलं तोच येते. रोज. मले रात्री त्यायचे पाय दिसतात."

"मंग माह्यासंग काम बदलून घेतं का?" मी विचारलं.

ती रस्त्याकडे बघत राहिली.

रजेवरची बाई परतली आणि मी पुन्हा तारेवर आले. ताईचं म्हणणं खरं असेल. पण काम बदलायला ती ‘नाही’ म्हणाली नाही आणि ‘हो’ तर अजिबातच म्हणाली नाही, हे मी विसरलेले नाही.