भिंतीवरचा बाजार

लग्नाला वर्ष होत नाही तोच यांची बदली नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत झाली. मी साताऱ्याकडची. खानदेशाबद्दल माझी माहिती एवढीच, की तिथे ऊन फार आणि तिखट त्याहून फार. आगगाडीतून उतरलो तेव्हा फाल्गुन होता. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांवरून वारा आला की ठसका लागायचा. ओळखीचं माणूस एक नाही, आणि लोक बोलत ते निम्मंच कळायचं.

कचेरीतल्या शिपायाने घर पाहून ठेवलं होतं. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणाला मागच्या बोळात उघडणारं दार. स्वयंपाकघरात डबे लावताना चुलीसमोरच्या भिंतीवर मला अक्षरं दिसली. गेरूने लिहिलेली, शाळेच्या फळ्यावर असतात तशी वळणदार. पण ती जमिनीपासून हातभर उंचीवर होती. वाचायला मला चक्क आडवं व्हावं लागलं.

‘दादर ज्वारी पिंपळाखालच्या म्हाताऱ्याकडची घ्यावी, दाणा दाताखाली धरून पाहावा. तेल मारुतीमागच्या तेलघाणीचं, पण सकाळचं पहिलं नको. आमचूर डोंगरातल्या बायका आणतात; काळपट दिसलं तरी मोलगीकडचंच बरं, पांढरं दिसतं ते कोवळ्या कैरीचं. भरताचं वांगं हातात हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बिया. घरात बाई बाजूला बसली असेल तर पुरुषाने स्टेशनाजवळच्या खानावळीत जेवावं, पण साडेदहाच्या आत. पुढे वरणात पाणी पडतं. पंचवीस पानांपर्यंत आचारी लावू नये. लावलाच तर गावातल्या दोघांपैकी उंच लावावा, बुटका नको. उंचाचा हात लवंगेला सैल आहे, तेवढं आधी सांगून ठेवावं. कोथिंबीर सगळ्यात शेवटी, नाहीतर उन्हात मान टाकते.’

वर नाव नाही, खाली सही नाही. मी यांना बोलावून दाखवलं. हे वाकून वाचत हसले आणि म्हणाले, “चला, सासूबाई भिंतीत राहायला आल्या.”

मला मात्र हसू आलं नाही. परक्या गावात कुणी न विचारता एवढं सांगत होतं, म्हणून हायसं वाटलं, आणि इतकं खाली बसून हे कुणी लिहिलं असेल, म्हणून अंगावर जरा काटाही आला. मी ते पुसलं नाही. कागदावर उतरवून घेतलं.

पहिल्या बाजाराच्या दिवशी तो कागद घेऊन निघाले. प्रत्येक गोष्ट खरी निघाली. म्हाताऱ्याची ज्वारी टपोरी, वांगी आतून लोण्यासारखी. आमचुराची टोपली घेऊन बसलेल्या डोंगरातल्या बाईची भाषा मला येत नव्हती. मी काळपट आमचुराकडे बोट दाखवलं तेव्हा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग दोन मुठी जास्त घातल्या. घाणीवरच्या तेल्याने मी तोंड उघडायच्या आत विचारलं, “पहिलं नको ना?” आणि मग खालच्या आवाजात, “त्याच घरमा ऱ्हातस का तुम्ही?”

मी हो म्हटलं. तो खाली मान घालून तेल मोजू लागला.

चौथ्या का पाचव्या बाजाराला माझ्या लक्षात आलं, की माझ्या पुढे एक माणूस असतो. काळी टोपी, विटका कोट, हातात कापडी पिशवी आणि झाकणाची पितळी बरणी. मी ज्वारीपाशी पोचले की तो तिथून निघालेला असे. मी घाणीवर, तेव्हा तो आमचुराच्या टोपलीपाशी वाकलेला. घेत होता तेही तेच. वांगं उचलायचा, तळहातावर तोलायचा आणि मान जराशी कलती करायचा, बाजूला उभं राहून कुणी काही सांगत असावं तशी.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी कोथिंबीर घ्यायला गेले. तो तिथे उभा होता. जुडी पिशवीत ठेवली आणि वांग्यांकडे वळला. त्या दिवशी त्यानेही उलट्या बाजूने सुरुवात का केली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी त्याच्या मागे चार पावलांवर थबकले. तो वळला. पन्नाशीकडे झुकलेला चेहरा, स्वच्छ दाढी केलेली, डोळे थकलेले. माझ्याकडे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली, घरचं माणूस ऐकत नाही म्हटल्यावर पडते तशी.

“तू कसाले उनी उन्हमा?” तो म्हणाला. “घर जाय. मी लई येस.”

एवढ्या दिवसांत मला तेवढी भाषा कळू लागली होती. उन्हात का आलीस, घरी जा, मी घेऊन येतो. मी पिशवी छातीशी धरून जवळजवळ धावतच घरी आले.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिले. चूल पेटलेली होती. चुलीपाशी धुतलेल्या फडक्यावर कांद्याची पात, मिरच्या आणि चार वांगी मांडून ठेवलेली. मागच्या दाराची कडी नीट लागलेली. अंगणात कुणी नव्हतं. तो माणूस माझ्या आधी पोचून, हे सगळं करून गेला कसा? मी आडवाटेने आले होते का, वाटेत कुठे थांबले होते का, मला धड आठवेना.

शेजारीण दळण पाखडत बसली होती. तिला हाताला धरून आणलं. तिने चुलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि पदर तोंडाला लावला.

“तो गुरुजी शे,” ती म्हणाली. “याच घरमा ऱ्हाये. बायको तापमा पडनी ती उठनीच नही. आठे, चुलीसमोर, अंथरूण व्हतं तिन्हं. त्याले बजारनं काहीच कळे नही. ती पडल्या पडल्या सांगे आन् तो भिंतवर लिखे.”

म्हणून अक्षरं तेवढी खाली होती. तिला निजल्या निजल्या दिसावीत म्हणून.

“आणि मग?”

“मंग काय, ताई. बजारना दिन तो कोथमीर लेवाले गया आन् आठे ती गयी.”

त्याला दोन पावसाळे उलटले होते. गुरुजी आता दोन कोसांवरच्या गावी शाळेवर होते, भावाकडे राहत होते. बाजाराच्या दिवशी तिथे शाळेला सुट्टी. आमच्या आधी दोन बिऱ्हाडं याच कारणाने गेली, आणि नव्या भाडेकरूला सांगायचं नाही अशी घरमालकाने तंबी दिलेली.

“तो काही करस नही,” शेजारीण म्हणाली. “येस, ठेवस, चूल पेटाडस, जास. मागली कडी बाहेरथून कशी उघडस, त्याले ठाऊक शे.”

यांना मी संध्याकाळी सगळं सांगितलं. हे भडकले. घरमालकाला पत्र लिहितो म्हणाले, नवा अडसर बसवतो म्हणाले. पण सुतार काही लगेच मिळाला नाही, आणि बाजाराचा दिवस आला.

त्या दिवशी मी घरीच थांबले. का, ते सांगता येत नाही. भीती होती, पण आपण बाजारात असताना आपल्या चुलीपाशी कुणी येऊन जातं, हे त्याहून सोसवत नव्हतं. चुलीसमोर भिंतीला टेकून बसले. कुठे बसले आहे हे ध्यानात आलं तेव्हा उठायला उशीर झाला होता. कडी बाहेरून अलगद वर सरकली.

गुरुजी आत आले. वहाणा दाराबाहेर काढल्या होत्या. मला पाहून दचकले नाहीत. पिशवी ठेवली, बरणी ठेवली.

“कसं वाटी ऱ्हायनं आज?”

मी मान हलवली.

“काय खाशी?”

मी पिशवीतून डोकावणाऱ्या वांग्यांकडे पाहिलं. त्यांनी समजून चूल पेटवली, वांगी भाजायला घातली, खलबत्त्यात मिरच्या आणि लसूण ठेचला. पुरुषाला इतक्या निगुतीने रांधताना मी कधी पाहिलं नव्हतं. मधूनच हात थांबवून माझ्याकडे बघायचे, आणि मी काही बोललेली नसताना मीठ थोडं काढून ठेवायचे किंवा तेलाची धार वाढवायचे. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं देव जाणे. मग दोन ताटं वाढली. मी जेवले. भरीत इतकं तिखट, की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. जेवण झाल्यावर त्यांनी भांडी घासली, पालथी घातली आणि कडी लावून निघून गेले.

हे मी यांना सांगितलं नाही. पण पुढच्या बाजाराआधी सुतार आला आणि मागच्या दाराला आतून जाड अडसर बसला.

त्या दिवशी उन्हं चढल्यावर कडी वर सरकली. दार हललं नाही. पुन्हा एकदा ढकललं गेलं, तरी हललं नाही. मग पायरीवर कुणी बसल्याचा आवाज आला. मी आत, दाराला पाठ लावून बसलेली. हे कचेरीत. बोळ शांत.

बराच वेळ गेला. माझ्या मनात आलं, हा माणूस सकाळपासून निघालेला, जेवला तरी असेल का?

“नही,” दाराबाहेरून गुरुजी म्हणाले. “अजून नही जेवनू.”

मी ओठही हलवले नव्हते. हात तोंडावर दाबून धरला आणि नको नको म्हणत असताना मनात दुसरा प्रश्न आलाच, पायरीवर ऊन असेल का?

“सावली शे आठे.”

मग मी घाबरून डोळे मिटले. हा जात का नाही, एवढंच मनात घुमू लागलं. मग अगदी हळू, समजूत घातल्यासारखा आवाज आला.

“जास मी. थोडं थांबस आन् जास.”

मी अडसर काढला.

गुरुजी पायरीवर बसले होते, पिशवी मांडीवर. त्यांना आत घेतलं, पाट दिला. सकाळची भाकरी-आमटी होती ती वाढली. आणि समोर बसून, माझ्या साताऱ्याच्या बोलीत, जमेल तेवढं ठामपणे म्हटलं, “गुरुजी, मी ती नाही.”

त्यांनी घास खाली ठेवला. “ठाऊक आहे, बाई,” ते स्वच्छ शाळेतल्या मराठीत म्हणाले. त्या आवाजाने मी अधिकच दचकले. दुसरंच कुणी माणूस बोललं असं वाटलं. “तुम्ही बोललात की ठाऊक असतं. गप्प असलात की विसरायला होतं. बाजारात तर राहतच नाही. तिथे ती सारखी बोलत असते. हे नको, ते घे, त्याच्याकडचं नको. तिचं ऐकता ऐकता पाय इथे येतात.”

“आणि आत्ता बाहेर कुणाशी बोलत होतात?”

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “तुम्हीच आतून विचारत होतात की.”

मी त्यांच्या ताटात आणखी भाकरी वाढली.

संध्याकाळी माझ्याकडून हे ऐकून यांनी दोन दिवस अबोला धरला. मग स्वतःच म्हणाले, येऊ देत, पण पुढच्या दाराने, आणि मी जेवायला घरी येतो त्या वेळेला. तसं ठरलं. पावसाळाभर गुरुजी बाजाराच्या दिवशी येत. दोघे पुरुष शेजारी बसून जेवत, पिकापाण्याचं बोलत. माझ्या हातच्या गोडसर आमटीला ते नावं ठेवत नसत, पण गूळ बाजूला काढल्यासारखं तोंड करत. मी त्यांच्यासमोर गप्प राहायचं टाळत असे. काही ना काही बोलत असे, अगदी अर्थ नसलेलंही.

श्रावणात एकदा जेवणानंतर ते उठले, ओलं फडकं मागितलं आणि भिंतीपाशी आडवे झाले. ज्वारीची ओळ पुसली. पिंपळाखालचा म्हातारा वारला होता. त्याचा मुलगा दाण्यात खडे मिसळत होता. खिशातून गेरूचा तुकडा काढून त्या जागी दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहिला. लिहिताना त्यांनी मान कलती केली नाही.

“हे तिने नाही सांगितलं,” ते म्हणाले. “हे मी पाहिलं.”

दिवाळीच्या आधी ते शेवटचे आले. त्यांनी अर्ज करून बदली मागून घेतली होती, वर, तोरणमाळच्या वाटेवरच्या एका गावी. चढ असा, की सामान डोक्यावरून न्यायचं. हे म्हणाले, “अहो, तिथे कोण जातं? मिठालासुद्धा डोंगर उतरावा लागेल.”

“म्हणूनच,” गुरुजी म्हणाले. “तिथला बाजार तिने पाहिलेला नाही. तिथे तिला काहीच ठाऊक नाही. मलाच निवडावं लागेल.”

निघताना त्यांनी मला नमस्कार केला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी मागे सरले.

पुढच्या बाजाराला मी एकटी गेले. माझ्या पुढे कुणी नव्हतं. वांग्यांच्या ढिगापाशी उभी राहिले. एक उचललं, तळहातावर तोललं, आणि कुणी काही म्हणतं का म्हणून थांबले. बाजाराचा गलका होता तेवढाच. मग कळलं, की आपली मान एका बाजूला कलली आहे. मी ती झटकन सरळ केली, हाताला लागली ती चार वांगी घेतली आणि घरी आले. चिरल्यावर दोन किडकी निघाली.